अकरा सामन्यांसाठी तीन पोरं द्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही नोकरीसाठी पुण्याहून डेट्रॉइटजवळ राहायला आलात, मुलामुळे बेसबॉलची गोडी लागली, आणि आता जुलै आला की ऑफिसात एकच वाद रंगतो. संघ प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, शर्यतीत आहे आणि ३७ वर्षांचा, एकेकाळी थरकाप उडवणारा पिचर (चेंडू टाकणारा) मिळतोय, तर त्याच्यासाठी मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या पातळीवर तयार होणारी, तीन गुणी पोरं द्यावीत का? सहकारी म्हणतात, देऊन टाका, अशी संधी पुन्हा येत नाही. तुम्हाला वाटतं, थकला घोडा घ्यायला घरची शिंगरं विकण्यातला हा प्रकार आहे.

मी १९ वर्षं इथल्या संघांसाठी काम केलं. आधी आकडेवारीच्या विभागात, नंतर पिचर बघत गावोगाव फिरणारा स्काउट म्हणून. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ज्या खोलीत हे सौदे ठरतात, तिथे बऱ्याचदा बसलो आहे. तिथेही पहिल्या दिवशी तुमच्या ऑफिसातलाच वाद होतो आणि तो तसाच चालू राहिला तर निर्णय चुकतो. 'म्हातारा की पोरं' हा प्रश्न भावनेचा आहे. सौद्याचा प्रश्न वेगळा: आपण नेमकं काय विकत घेतोय, आणि त्याची किंमत कशात मोजतोय? उत्तर संघाच्या स्थितीवर, त्या पिचरच्या करारावर आणि त्याच्या खांद्यावर अवलंबून असतं. पण 'अवलंबून असतं' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मी हिशोब कसा करतो ते सांगतो.

आधी खरेदीचं बघू. जुलैअखेर ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपते (२०१८ पर्यंत ऑगस्टअखेरपर्यंतही काही सौदे होत), तेव्हा मोसमाचे दोनच महिने उरलेले असतात. सुरुवातीचा पिचर दर पाचव्या-सहाव्या दिवशी मैदानात उतरतो. आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजासारखा तो रोज स्पेल टाकत नाही. एका दिवशी ९०-१०० चेंडू जीव खाऊन टाकायचे, मग चार-पाच दिवस हात सावरायचा. म्हणजे उरलेल्या मोसमात तुमच्या वाट्याला त्याचे दहा-अकरा सामने येतात. १९८७ मध्ये डॉयल अलेक्झांडर डेट्रॉइटला आला तेव्हा त्याने ११ सामने सुरू केले. १९९८ मध्ये रँडी जॉन्सन ह्यूस्टनला गेला, तिथेही ११. २०२१ मध्ये मॅक्स शर्झर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, पुन्हा ११. नाव कितीही मोठं असलं तरी हातात एवढंच पडतं. करार त्याच वर्षी संपणारा असेल तर नोव्हेंबरात तो मोकळा होतो. शिवाय मोसमाच्या मध्यात आलेल्या खेळाडूच्या बदल्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, भरपाईची निवडही मिळत नाही.

आता अकरा सामन्यांची किंमत काढू. सामना नऊ इनिंगचा असतो. समजा तो दर सामन्यात सहा इनिंग टाकतो, म्हणजे एकूण ६६ इनिंग. तुमच्याकडचा पाचव्या क्रमांकाचा पिचर दर नऊ इनिंगमागे पाच धावा देतो आणि हा सव्वातीन देतो असं धरा. फरक पावणेदोन धावांचा. ६६ इनिंगमध्ये वाचल्या साधारण १३ धावा. आमच्या धंद्यात दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. म्हणजे तुम्ही घेताय एक किंवा सव्वा विजय. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, कारण त्यांच्या डोक्यात दहा वर्षांपूर्वीचा तो माणूस आणि त्याची पदकं असतात.

मग सव्वा विजयासाठी तीन पोरं कोण देईल? इथे तुमचं टेबलातलं स्थान महत्त्वाचं ठरतं. तुम्ही बारा सामन्यांनी पुढे असाल तर तो सव्वा विजय फुकट जातो. दहाने मागे असाल तरीही फुकट. एका-दोन सामन्यांच्या फरकाने झुंजत असाल, तर मात्र तोच सव्वा विजय सोन्याच्या भावाचा होतो.

यासाठी तुमच्याच शहराची गोष्ट सांगतो, कारण डेट्रॉइटने या सौद्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

१२ ऑगस्ट १९८७. डेट्रॉइट टायगर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यात चुरस होती. टायगर्सनी अटलांटा ब्रेव्ह्जकडून ३६ वर्षांचा अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात २० वर्षांचा एक पिचर दिला, जॉन स्मोल्ट्झ. पोरगा मिशिगनचाच, लान्सिंगला वाढलेला, त्याचे आजोबा टायगर स्टेडियममध्ये काम करायचे. त्या वर्षी डबल-ए या मायनर लीगमधल्या पातळीवर ग्लेन्स फॉल्सला तो ४ जिंकून १० हरला होता आणि त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, ५.६८ होता. अलेक्झांडर आला आणि ९-० असा खेळला, ईआरए १.५३. टायगर्सनी शेवटच्या तीन दिवसांत टोरांटोला घरच्या मैदानावर तिन्ही सामन्यांत हरवलं आणि दोन सामन्यांच्या फरकाने आपला विभाग, म्हणजे लीगमधला गट, जिंकला, ९८ विजय विरुद्ध ९६.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. लीगच्या अंतिम मालिकेत मिनेसोटाने टायगर्सना ४-१ हरवलं आणि अलेक्झांडर दोन्ही सामने हरला. १९८९ मध्ये तो ६-१८ असा खेळून निवृत्त झाला, त्या वर्षी टायगर्स १०३ सामने हरले. स्मोल्ट्झने २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) मिळवले, १९९६ चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार घेतला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. तेव्हापासून पोरं देण्याविरुद्धच्या प्रत्येक वादात स्मोल्ट्झचं नाव निघतं. तुमच्याही ऑफिसात निघालं असेल.

माझं मत वेगळं आहे आणि ते मी विचारपूर्वक मांडतो: त्या दिवशी तो सौदा बरोबर होता. अलेक्झांडरने जवळजवळ ८८ इनिंग टाकल्या आणि अवघ्या १५ अर्न्ड धावा (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून; ईआरएत त्याच मोजतात) दिल्या. पाचच्या ईआरएच्या माणसाने तेवढ्या इनिंगमध्ये ४९ दिल्या असत्या. फरक ३४ धावांचा, म्हणजे तीनहून जास्त विजय. विभाग जिंकला दोनच सामन्यांनी. आणि तेव्हा वाइल्ड कार्ड, म्हणजे विभाग न जिंकलेल्या संघाला मिळणारी प्लेऑफची जागा, नव्हतं. प्रत्येक लीगमध्ये दोन विभाग, फक्त विजेते पुढे जाणार, २६ संघांतले चार. दुसरा क्रमांक म्हणजे घरी बसा. अशा वेळी तीन विजय म्हणजे पूर्ण मोसम. बाकी इतकं चांगलं कुणी खेळेल असं त्या दिवशी कुणी धरलं नसणार, पण त्याने निम्मं जरी केलं असतं तरी सौदा समर्थनीय होता. दुसऱ्या बाजूला, डबल-एमध्ये ४-१० असलेला, १९८५ च्या ड्राफ्टमध्ये २२ व्या फेरीत निवडलेला वीस वर्षांचा पिचर. अशी पोरं त्या काळीही प्रत्येक संघाकडे चार-चार होती आणि त्यातली बहुतेक पुढे दिसलीच नाहीत. निर्णय तोलायचा तर त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर. वीस वर्षांनंतरच्या यादीवर तोललात, तर कुठलाच सौदा कधी करता येणार नाही.

आता काळ बदलला आहे, हे मात्र सहकाऱ्यांना जरूर सांगा. २०२२ पासून ३० पैकी १२ संघ प्लेऑफला जातात. प्रत्येक लीगमधल्या पहिल्या दोन विभागविजेत्यांना पहिली फेरी माफ असते, बाकीच्यांना तीन सामन्यांची मालिका खेळावी लागते. त्यामुळे नुसतं आत शिरणं सोपं झालंय आणि पहिल्या दोनात येणं मोलाचं झालंय. तुमचा संघ शेवटच्या वाइल्ड कार्डसाठी धडपडत असेल, तर मी मोठी किंमत देणार नाही. एवढं करून मिळणार काय, तर परक्या मैदानावर तीन सामन्यांचा जुगार. विभागाचं विजेतेपद आणि पहिल्या फेरीची सुट्टी एका-दोन सामन्यांवर लटकली असेल, तर मी फोन उचलेन.

सहकाऱ्यांचं पुढचं म्हणणं बहुधा असेल की, अहो, खरा उपयोग ऑक्टोबरात! त्यात तथ्य आहे. मोसमात तो पाचातला एक असतो. सात सामन्यांच्या मालिकेत तो दोन, ताणला तर तीन सामने टाकू शकतो. वाटा पाचव्या हिश्श्यावरून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर जातो. पण ऑक्टोबरात काय होतं तेही बघा. जॉन्सन १९९८ मध्ये ह्यूस्टनला १०-१ असा खेळला, ईआरए १.२८. पहिल्याच मालिकेत सॅन डिएगोविरुद्ध त्याचे दोन्ही सामने गेले, २-१ आणि ६-१. त्याच्या फलंदाजांनी दोन सामन्यांत मिळून दोन धावा केल्या. पिचर कितीही थोर असला तरी स्वतःच्या संघासाठी धावा काढून देऊ शकत नाही. मग तो करार संपवून ॲरिझोनाला गेला आणि तिथे ओळीने चार साय यंग जिंकला.

शर्झर २०२१ मध्ये डॉजर्सकडे ७-० होता, ईआरए १.९८. ऑक्टोबरात त्याने आधीच्या मालिकेच्या निर्णायक सामन्यात शेवटची इनिंग टाकून सामना वाचवला, तीन दिवसांनी पुन्हा सामना सुरू केला, आणि मग हातात जीव उरला नसल्याचं सांगितलं. अटलांटाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात तो उभा राहू शकला नाही. डॉजर्स तिथे संपले. तो ३७ वर्षांचा होता. पंचविशीतला पिचर पाच दिवसांत जे भरून काढतो, त्याला सदतिसाव्या वर्षी आठ लागतात, आणि ऑक्टोबर आठ दिवस देत नाही. हे मी पिचरच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे, कॅमेऱ्यासमोर नाही, मालिश टेबलावर.

आणि एक. हल्ली ऑक्टोबरात सुरुवातीच्या पिचरला फार वेळ ठेवत नाहीत, कारण तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्याला जास्त मारतात. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना आठवा. ह्यूस्टनने जुलैअखेर चार पोरं देऊन घेतलेला ३५ वर्षांचा झॅक ग्रेंकी, तोवर छत्तिशीत शिरलेला, अप्रतिम टाकत होता. सातव्या इनिंगमध्ये एक होम रन आणि एक वॉक (फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) गेला, आणि ८० चेंडूंवर त्याला काढलं. पुढच्या पिचरला हॉवी केंड्रिकने होम रन मारला आणि वॉशिंग्टन जिंकलं. ज्या रात्रीसाठी त्याला आणलं, त्याच रात्रीचे शेवटचे आठ आउट दुसऱ्यांच्या हाती राहिले. तेव्हा मोठा पिचर घेताना माझा पहिला प्रश्न असतो: बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर जिथे तयारी करतात तिथे, कोण आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्याचा हात. यावर जरा थांबतो, कारण इथेच सौदे बनतात आणि फसतात.

एका संघात असताना मला ३६ वर्षांच्या एका डावखुऱ्या पिचरला बघायला पाठवलं होतं. कागदावर तो छान दिसत होता, ईआरए साडेतीनच्या आत. उकाड्याची संध्याकाळ होती, मी बुलपेनच्या जाळीमागे उभा. सामन्याआधीच्या सरावात पहिले दहा चेंडू समोर बसून झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये टाळी वाजावी तसे बसले. मग तो चेंडू टाकल्यावर डावं मनगट मांडीवर झटकायला लागला, एकदा, पुन्हा एकदा. सामन्यात पहिल्या दोन इनिंग नीट गेल्या. तिसरीपासून मी वेग बघणं सोडलं आणि चेंडू कुठे चुकतोय ते बघायला लागलो. उजव्या फलंदाजाच्या अंगाजवळ, आत टाकायचा फास्टबॉल मधोमध आणि वर येत होता. कॅचर ग्लव्ह आत धरायचा आणि शेवटच्या क्षणी आडवा ओढून न्यायचा. हात थकला की शरीर पुढे निघून जातं आणि हात मागे रेंगाळतो, म्हणून चेंडू असा वर आणि हाताच्या बाजूला सुटतो. दोन इनिंगच्या मध्ये तो डगआउटमध्ये येऊन बसला, उजव्या हाताने टोपी काढली, उजव्या हाताने पाणी प्यायला, डावा हात मांडीवर तसाच ठेवून.

रात्री हॉटेलवर मोजमापं उघडली. चेंडू सुटण्याची उंची एप्रिलच्या मानाने शेवटच्या तीन सामन्यांत दोन इंचांनी खाली आली होती. वेग फक्त अर्ध्या मैलाने कमी, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. मी अहवालात स्पष्ट लिहिलं की घेऊ नका. नावाचं वजन जास्त पडलं, सौदा झाला. पाचव्या सामन्यात खांदा धरून तो बाहेर आला आणि त्या वर्षी परत खेळला नाही. आमचा संघ प्लेऑफला दोन सामन्यांनी मुकला. दिलेल्या तिघांपैकी दोघं मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वोच्च पातळीपर्यंत, पोचलेच नाहीत, म्हणून पुढे कुणी त्या सौद्याला वाईट म्हटलं नाही. माझ्या लेखी तो वाईटच होता, आणि अलेक्झांडरचा चांगला. निकालावरून बोलणाऱ्या माणसाला हे दोन्ही उलटे दिसतात.

उलटही घडतं. हाताची खूण चांगली असते आणि कागद वाईट दिसतो. १९९८ च्या जुलैत जॉन्सन सिएटलकडे ९-१० होता, ईआरए ४.३३. वय ३४, मागे पाठीची शस्त्रक्रिया. बरेच लोक म्हणाले, संपला. पण त्याने १६० इनिंगमध्ये २१३ फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. जो माणूस इनिंगमागे सव्वाहून जास्त फलंदाजांना चेंडूला बॅटही लावू देत नाही, त्याचा हात संपलेला नसतो. धावा क्षेत्ररक्षणामुळे, नशिबामुळे, घरच्या कुरबुरीमुळे जातात. वय वाढलं की आधी काय जातं, तर फलंदाजाला चकवण्याची ताकद. म्हणून मी स्ट्राइकआउट, वेग आणि चेंडू सुटण्याची जागा बघतो, आणि जिंकले-हरले हा रकाना झाकून ठेवतो.

तेच जस्टिन व्हरलँडरचं. २०१७ मध्ये तुमच्या डेट्रॉइटकडे तो १०-८ होता, ईआरए ३.८२, वय ३४. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री, तेव्हाची ती दुसरी मुदत संपायला काही क्षण उरले असताना तो ह्यूस्टनला गेला. मेजरमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघाकडे झाली की खेळाडूला ट्रेड नाकारता येतो, त्यामुळे होकार त्याला स्वतःला द्यायचा होता. तिथे त्याने मोसमातले पाच सामने टाकले, पाचही जिंकले, ईआरए १.०६. लीगच्या अंतिम मालिकेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ह्यूस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या संघाच्या फलंदाजांनी समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्याचं नंतर सिद्ध झालं आणि त्या विजेतेपदाला डाग लागला, तो लागायलाच हवा होता. पण पिचिंगचा त्याच्याशी संबंध नव्हता. व्हरलँडरच्या करारात आणखी दोन वर्षं होती, हा जॉन्सनपेक्षा मोठा फरक. ह्यूस्टनने दोन महिने घेतलेच नव्हते, सव्वादोन वर्षं घेतली होती. २०१९ मध्ये त्याने साय यंग जिंकला. कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून ३९ व्या वर्षी परत येऊन २०२२ मध्ये पुन्हा जिंकला. तेव्हा 'वय झालं' हा एकटा मुद्दा मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

आणि डेट्रॉइटला काय मिळालं? फ्रँकलिन पेरेझ, डॅझ कॅमेरॉन आणि जेक रॉजर्स. पेरेझ त्यातला हिरा समजला जात होता, १९ व्या वर्षीच डबल-एमध्ये पोचलेला पिचर. खांद्याच्या दुखण्यांनी त्याला ग्रासलं आणि टायगर्ससाठी तो मेजरमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. कॅमेरॉन येऊन-जाऊन खेळला. रॉजर्स मात्र कॅचर म्हणून टिकला. म्हणजे डेट्रॉइटने १९८७ मध्ये एक तरुण पिचर दिला तो स्मोल्ट्झ निघाला, आणि ३० वर्षांनी एक तरुण पिचर घेतला त्याचा खांदा गेला. शहराच्या नशिबाला बोल लावावासा वाटतो खरा, पण तरुण पिचर ही चीजच तशी आहे. हात कधी जाईल आणि कधी उमलेल, कुणाला सांगता येत नाही. म्हणून माझा कल असा: पोरं द्यायचीच असतील तर मेजरपासून दूर असलेला पिचर द्या. मेजरच्या उंबरठ्यावर आलेला शॉर्टस्टॉप (मैदानाच्या मधल्या भागातला क्षेत्ररक्षक) किंवा कॅचर सहसा देऊ नका. स्मोल्ट्झ निसटण्याची भीती धरूनही मी हे म्हणतो.

पोरांची किंमत कशी मोजायची हेही समजून घ्या. मेजरमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षं संघाच्या ताब्यात असतो आणि पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. शर्झर आणि व्हरलँडरला २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्स प्रत्येकी वर्षाला ४ कोटी ३३ लाख डॉलर देत होते. चांगला निघालेला स्वस्त खेळाडू म्हणजे वाचलेल्या पैशात आणखी दोन चांगले खेळाडू. मायनर लीगच्या संघांना इथे फार्मच म्हणतात. आपल्याकडचा शेतकरी सणासुदीला कर्ज काढेल, पण पेरणीचं बियाणं दळून खाणार नाही. तुमच्या मनातली भीती ती हीच, आणि ती रास्त आहे.

पण सगळंच धान्य बियाण्याचं नसतं. संघाची ४० जणांची यादी असते. मायनरमध्ये चार-पाच वर्षं झालेल्या खेळाडूला त्या यादीत घेतलं नाही तर डिसेंबरातल्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला थोड्याशा पैशात उचलू शकतो. ज्या संघाची यादी तुडुंब आहे, त्याच्याकडची तीन-चार पोरं तशीही डिसेंबरात हातून जाणार असतात. जुलैत ती देऊन पिचर घेणं म्हणजे जवळजवळ फुकट खरेदी. बाहेरच्या माणसाला 'तीन प्रॉस्पेक्ट दिले' एवढंच दिसतं. खोलीत बसलेल्याला त्यातला कोण यादीत मावत नव्हता ते ठाऊक असतं. सौदा जाहीर झाला की मी आधी तेच शोधतो.

राहिला पैसा. म्हाताऱ्या स्टारच्या सौद्यात पगार कोण भरणार यावर पोराचा दर्जा ठरतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मेट्सनी शर्झरला टेक्सासकडे आणि व्हरलँडरला परत ह्यूस्टनकडे पाठवलं. दोघांच्या उरलेल्या पगाराचा मोठा हिस्सा मेट्सनी स्वतः उचलला आणि त्या बदल्यात वरच्या दर्जाची पोरं मिळवली. टेक्सासकडून लुइसआंखेल अकुन्या, ह्यूस्टनकडून ड्रू गिल्बर्ट आणि रायन क्लिफर्ड. उलट बाजूने बघा: घेणाऱ्या मालकाने पगार पूर्ण भरायची तयारी दाखवली, तर तोच पिचर दुय्यम पोरांवर मिळतो. मी खोलीत असतो तर आधी मालकाच्या खिशाकडे बघतो आणि मग फार्मकडे. पैसा पुढच्या वर्षी परत येतो, शॉर्टस्टॉप येत नाही.

टेक्सासची तीच गोष्ट पुढे नेली तर मला ज्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे ते दिसतं. शर्झर ३९ वर्षांचा होता. आठ सामने चांगले टाकले, सप्टेंबरात खांद्यामागचा स्नायू दुखावला. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात तीन इनिंग टाकून पाठ धरून बाहेर आला. आणि तरीही टेक्सासने वर्ल्ड सिरीज जिंकली. कारण त्याच मुदतीत त्यांनी सेंट लुइसकडून जॉर्डन मॉन्टगोमेरी हा ३० वर्षांचा, फारसं नाव नसलेला डावखुरा घेतला होता. ऑक्टोबरात त्यांना ओढून नेणाऱ्यांत तो होता. शहाणपण मी याला म्हणतो: म्हातारा स्टार घ्या, पण त्याच्यावर एकट्यावर मोसम टांगू नका. तीन पोरं एकाच्या बदल्यात देण्याऐवजी दोन मधल्या दर्जाचे पिचर मिळत असतील, तर दहातल्या सात वेळा मी ते दोन घेईन.

तर तुमच्या ऑफिसातल्या वादापुरतं माझं उत्तर: संघ विभागाच्या पहिल्या स्थानासाठी एका-दोन सामन्यांच्या अंतरावर असेल, पिचरचे स्ट्राइकआउट टिकून असतील, मालक पगार भरायला तयार असेल आणि देणं दूरच्या पिचरांवर भागत असेल, तर द्या. यातल्या दोन गोष्टी नसतील तर देऊ नका. आणि पहिल्या क्रमांकाचं पोरगं ३७ वर्षांच्या, त्याच वर्षी करार संपणाऱ्या पिचरसाठी मी कधीच देणार नाही, मग अंतर अर्ध्या सामन्याचं का असेना.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे सगळं टीव्हीवर बघून आपल्याला कळेल का. बरंच कळतं. ज्या पिचरचं नाव ऑफिसात चालू आहे त्याचा पुढचा सामना मुलाला घेऊन बघा. पहिल्या इनिंगमधला फास्टबॉलचा वेग लिहून ठेवा आणि पाचव्यातला त्याच्याखाली लिहा. मैलभर फरक असेल तर चालतो, दोन-अडीच असेल तर चिंता करा. कॅचरचा ग्लव्ह चेंडू यायच्या आधी कुठे होता आणि नंतर कुठे गेला, हे मुलाला मोजायला सांगा. मुलांना ते पटकन दिसतं. फलंदाज त्याच्या स्लायडरवर (शेवटी वळणाऱ्या चेंडूवर) बॅट फिरवून हुकतायत की नुसते सोडून देतायत तेही बघा. सोडून देत असतील, तर त्यांना तो आधीच दिसायला लागलाय. आणि इनिंग संपली की कॅमेरा डगआउटकडे जातो ना, तेव्हा जाहिरात लागायच्या आत बघा, तो पाण्याची बाटली कुठल्या हाताने उचलतो.